तेंदूची सत्ती

मे महिना लागला की चंद्रपुरात माणसं ऊन मोजतात. पानठेल्यावर, बँकेत, दवाखान्याच्या रांगेत एकच बोलणं, काल किती होतं आणि आज किती आहे. मी त्या दिवसांत घड्याळ मोजते. सकाळचे साडेनऊ वाजले की दुकानातल्या कॉम्प्युटरवर माझं लक्ष लागत नाही. समोर कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका उघडी असते, वधूच्या तीन मामांची नावं टाइप करायची राहिलेली असतात, आणि मी गावाला फोन लावते. फोन उचलला गेला म्हणजे आई जंगलातून परत आली. उचलला नाही तर ती अजून आत आहे, किंवा फोन चार्जिंगला आहे, किंवा रेंज गेली आहे, किंवा. त्या शेवटच्या 'किंवा'च्या पुढे मी जात नाही.

आमचं गाव सिंदेवाहीच्या रस्त्यावरून आत आहे, जंगलाला अगदी खेटून. बाबा मी कॉलेजात असतानाच गेले. आई एकटी राहते, दीड एकर धान करते आणि मे महिन्यात तेंदूची पानं तोडायला जाते. तेंदूचा हंगाम जेमतेम पंधरा दिवसांचा. पान कोवळं असतं तोवरच त्याला किंमत, पुढे ते राठ होतं आणि विडीवाल्यांच्या कामाचं राहत नाही. बाया अंधार फिटता फिटता निघतात, ऊन चढायच्या आत पानांची गाठोडी डोक्यावर घेऊन परततात, आणि दुपारभर घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. संध्याकाळी ते पुडे फळीवर, म्हणजे मोजणीच्या मैदानात, नेऊन रांगेने मांडायचे. त्या दिवसांत अख्ख्या गावाला कोवळ्या पानाचा तुरट वास येतो. आईच्या बोटांना चिकाचा काळा थर बसतो, तो जून संपेपर्यंत जात नाही.

पुडा बांधताना आईचे हात बघावेत. तोंड शेजारच्या रेखाकाकूशी बोलत असतं, डोळे रस्त्यावर असतात, आणि बोटं पान उचलतात, पानावर पान ठेवतात, मधूनच एखादं बाजूला भिरकावतात. भिरकावलेलं पान मी लहानपणी उचलून बघायची. दरवेळी त्याला भोक असायचं, नाहीतर डाग, नाहीतर किडीच्या गाठी. एक खराब पान निघालं की फळीवर पुडे मोजून घेणारा मुनशी अख्खा पुडा बाजूला सारतो. तीस-पस्तीस वर्षं मुनशीचा हा धाक त्या बोटांत बसलेला आहे.

जंगलात तेंदूची झुडपं कमरेएवढी. पानं तोडायची तर वाकावं लागतं, आणि वाकलेली बाई दुसऱ्या बाईला दिसत नाही. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. थोड्या थोड्या वेळाने कोणीतरी नाव घेऊन हाक मारायची, आणि जिला हाक मारली तिने हातातलं पान सोडून आधी ओ द्यायची. शाळेत हजेरी घेतात तशी ही हजेरी चालू असते. मी खेळायचे पत्ते छापले, त्याच्या आदल्या वर्षी एका सकाळी आईसोबत गेलेल्या शांताकाकूला हाक मारली आणि ओ आली नाही. परत मारली, तरी आली नाही. वाघ होता. मी त्या दिवशी सुट्टी घेऊन गावातच होते. बाया गाठोडी टाकून धावत आल्या. आईच्या मुठीत मात्र मूठभर पानं तशीच होती. बराच वेळ मूठ उघडेना, मी एकेक बोट सोडवलं. त्यातलं एक पान मी माझ्या चित्रांच्या वहीत ठेवून दिलं. का ठेवलं ते मला आजही सांगता येत नाही.

दहा-बारा दिवस बाया घरी बसल्या. पुढच्या वर्षीही जाणारच, हे आईने तेव्हाच सांगून टाकलं. "भेव नाई लागत तुले?" मी विचारलं. "नाई," ती म्हणाली आणि भाजी चिरायला घेतली. मला तिचा राग आला. मी काळजी करण्यात पट्टीची आहे, घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघणारी. पण भीती नावाची वस्तूच आईला दिली गेली नाही, असं मला त्या दिवशी वाटलं, आणि तिच्या वाट्याची भीतीही आपल्यालाच करावी लागणार, हेही कळलं.

पत्त्यांची कल्पना या भीतीतून निघाली. लोक इंटरनेटवर वर्गणी मागून आपापल्या चित्रांचे पत्ते छापतात हे मी पाहिलं होतं. मला चित्रं येतात, छपाईतलं कळतं. मी आमच्या जंगलाच्या बावन्न पत्त्यांचा जोड काढायला घेतला. इस्पिकच्या जागी तेंदूचं पान, किलवरच्या जागी मोहफुलांचा झुबका, बदामाच्या जागी पळस आणि चौकटच्या जागी काटेसावर. राजा म्हणून मी वैनगंगेत मासे धरणारा एक म्हातारा ढिवर काढला, राणी म्हणून डोक्यावर गाठोडं घेतलेली रेखाकाकू. गुलामापाशी अडले. "आपल्या घरातून गुलाम नाई निंगत," असं आईने भिंतीवरच्या बाबासाहेबांकडे बघत ठणकावलं. मग त्या जागी मी मचाणीवर बसून धान राखणारा राखणदार बसवला. मनात हिशेब साधा होता. पत्ते छापून सुटे आणायचे, जोड लावायचं आणि डब्यांत भरायचं काम गावातल्या बायांना द्यायचं, तेही ऐन मे महिन्यात. हाताला घरबसल्या काम मिळालं तर आई जंगलात जाणार नाही. बाकी कला, जंगलाची ओळख वगैरे मी वर्गणीच्या पानावर लिहिलं ते खोटं नव्हतं, पण ते नंतरचं होतं.

आईला हे समजावून सांगायला एक संध्याकाळ गेली.

"म्हंजे मंडईची वर्गणी," ती म्हणाली. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, नाटक आणायला घरटी पैसे गोळा करतात, त्याबद्दल ती बोलत होती.

"हाव, तसंच. पण महिन्याभरात सगळी जमली तरच पैसे भेटतात. थोडी जरी कमी पडली तर ज्याचे त्याले वापस."

"आन वळख ना पाळख, तुले कोण देईन?"

हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारत होते. ते तीस दिवस मी नीट जेवले नाही. गावात असले की रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढायची, आणि टाकीवरून उतरले की गावातली पोरं ओरडायची, "वंदनाताई, किती झाले?" कधी आकडा चार दिवस हलायचा नाही. रेखाकाकूने सगळीकडे सांगून ठेवलं होतं की पोरगी जुव्याचे पत्ते छापून राह्यली, आणि पोलीसपाटील खरोखरच चौकशीला येऊन चहा पिऊन गेले. शेवटच्या दोन दिवसांत कुठून कुठून माणसं आली आणि वर्गणी भरली. चारशे वीस जोड. आकडा ऐकून आमच्या दुकानाचा मालक खो खो हसला. "चारसौबीस! पोरी, लोक तुले पकडाले येतीन." मीही हसले, पण तो आकडा मला त्या दिवसापासून बोचत राहिला.

नागपूरच्या ज्या छापखान्यात काम दिलं तिथला माणूस चांगला होता, फक्त त्याला कशाचीच घाई नव्हती. "हो जाएगा मॅडम, टेन्शन मत लो." पहिल्या नमुन्यात पळस विटकरी आला, दुसऱ्यात तेंदूचं पान काळं ठिक्कर. मी फोनवर पानाचा रंग समजावून सांगायची आणि तो म्हणायचा, "हरा थोडा ज्यादा कर दूँ क्या?" तेंदूच्या सत्तीवर सात पानं होती. सहा मी मनाने काढली होती, मधलं मला खरं हवं होतं, म्हणून वहीतलं ते पान समोर ठेवून काढलं. तीन भोकं एका ओळीत आणि एक कोपरा जळाल्यासारखा तपकिरी. आईला ते पान आठवत असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

पत्ते एप्रिलच्या सुरुवातीला यायचे होते. हो-नाही करता करता महिना उलटला, आणि ज्या दिवशी टेम्पो गावात शिरला त्याच दिवशी गावात दवंडी झाली की उद्यापासून तेंदूची फळी सुरू. जंगलात जाण्यावर उतारा म्हणून मी जे आणत होते ते नेमकं त्याच दिवशी दारात येऊन पडलं. तरी मी धीर करून बायांना सपरीत बसवलं. पाच जणी होत्या. यंदा जंगलात जाऊ नका, हे काम करा, मजुरी देते, असं सगळं मी एका दमात सांगितलं.

मग रेखाकाकू म्हणाली, "वंदना, तुये पत्ते दिवाळीलोक थांबतीन. तेंदू थांबते का?"

"दोनी करू," आई म्हणाली, आणि माझा चार महिन्यांचा हिशेब दोन शब्दांत निकालात निघाला.

पुढचे बारा दिवस आमच्या सपरीत जे चाललं ते आठवलं की मला आजही घाम फुटतो. पहाटे पाचही जणी जायच्या. मी पत्त्यांच्या ढिगांमध्ये बसून राहायची. एकेका पानाचा एकेक ढीग, भिंतीला लागून ओळीने मांडलेला. पंखा लावायची सोय नव्हती, पत्ते उडाले असते. त्या उकाड्यात नव्या शाईचा आणि वार्निशचा वास कोंडून राहायचा, आणि मी कुंपणाकडे कान देऊन बसायची. बांगड्यांचा आवाज आला की मोजायची, एक, दोन, तीन, चार. पाचवी दिसेपर्यंत छातीवर धोंडा. पाचवी नेहमी आईच असायची, कारण ती सगळ्यांच्या मागे चालते. ओझं टाकून ती घटाघटा पाणी प्यायची आणि मला विचारायची, "जेवली का?" मी काहीच खाल्लेलं नसायचं.

दुपारी तेंदूचे पुडे. ते बांधून झाले की बाया राखेने हात घासून धुवायच्या, पदराला पुसायच्या, आणि त्याच जागी पत्त्यांना बसायच्या. माझं सांगणं साधं होतं. ढिगांच्या ओळीने चालत जायचं, प्रत्येक ढिगातलं एक पान उचलायचं, आणि छपाईत डागाळलेलं, बिघडलेलं दिसलं तर काढून टाकायचं. त्यांच्या हाताला हे शिकवावं लागलंच नाही. तीच बोटं, तीच लय. राणी हातात आली की रेखाकाकू दर वेळी थांबायची. "मायं नाक एवढं मोठं आहे का वं?" "त्याहून मोठं आहे, कागद पुरला नाई," आई म्हणायची. बाया हसून लोळायच्या. त्या हसण्यात मी विसरून जायची की उद्या पहाटे परत आहेच.

भरलेले डबे मी तपासले. मधूनच एखादा उघडायची, मोजायची, चौपन्न पानं. बावन्न आणि दोन जोकर, बरोबर. जोडीला आभाराचं एक वेगळं पान छापलं होतं आणि ते धरून पंचावन्न व्हायला हवीत, हे माझ्यासारख्या तीनदा कुलूप ओढणाऱ्या बाईच्या लक्षात आलं नाही. बारा दिवसांत फळी संपली, पाचही जणी धड होत्या, आणि त्या सुटकेत मी डबे पोस्टात टाकून चंद्रपूरला आले. त्या रात्री मी कितीतरी महिन्यांनी गाढ झोपले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्याच्या एका बाईंचा निरोप आला. पत्ते फार सुंदर आहेत, मुलांना सुट्टीत नवा खेळ झाला, पण आम्ही बदामसात लावतोय आणि तेंदूची सत्ती कोणाच्याच हातात नाही. बदामसात न खेळलेलं मराठी घर शोधून सापडायचं नाही. सत्ती पडल्याशिवाय त्या रंगाचं एकही पान लागत नाही, पोरं हातातली पानं धरून बसून राहतात. एखादं पान कुठे पडलं असेल, असं मी त्यांना लिहिलं. तासाभरात ठाण्याहून तेच. मग नाशिक, लातूर, पुणे. मी मोबाइल पालथा घालून ठेवला. चारशे वीस हा आकडा डोळ्यांपुढे नाचायला लागला. चारशे वीस घरांत लोक हातात पानं धरून बसले आहेत आणि माझं नाव घेताहेत, असं दिसायला लागलं. दुपारची बस पकडून मी गाव गाठलं.

"सत्ती?" रेखाकाकू म्हणाली. "अवं ते खराब होतं ना! मधातल्या पानाले भोकं. एकाले नाई, साऱ्याईले. आमी म्हटलं, छापणाऱ्यानं नास केला."

"तूच म्हणलं होतं, खराब दिसलं का काढा," दुसरी म्हणाली.

आई आत गेली आणि धानाच्या कोठीमागून एक पिशवी घेऊन आली. आत सत्त्या होत्या. सत्तर-सत्तरचे सहा पुडे, सालीच्या दोरीने घट्ट बांधलेले. ते पुडे बघून मी आधी हसले आणि मग रडले, आणि बायांना वाटलं पोरीला ऊन लागलं.

मी सगळ्यांना पत्र लिहिलं. लपवलं काही नाही. आमच्या बायांचे हात तेंदूच्या हंगामात भोकाचं पान पुड्यात राहू देत नाहीत, तुमची सत्ती त्या हातांनी नाकारली, ती आता वेगळ्या पाकिटातून पाठवते आहे, माफ करा, असं लिहिलं. शांताकाकूचं मात्र लिहिलं नाही. ते कसं लिहिणार? आई आणि मी दोन दिवस सपरीत बसून चारशे वीस पाकिटं भरली. मी नावं-पत्ते लिहायची, ती सत्ती आत सरकवायची आणि डिंक लावून कडेवरून अंगठा दाबत न्यायची. लोकांना पत्र आवडलं. कोणी सत्तीला चौकट करून भिंतीवर लावलं, कोणी लिहिलं की अशी चूक आम्हाला पुढच्या खेपेलाही हवी. माझं नाव वाचलं, उलट थोडं मोठंच झालं. तेंदूच्या हातांची ती गोष्ट मी त्यानंतर कितीतरी लोकांना हसत हसत सांगितली.

आता परत मे आला आहे. दुसरा जोड कधी काढता, असं लोक विचारतात. यंदा मी रजा काढून गावात आले, निदान फोनची वाट बघायला नको म्हणून. काल साडेनऊ वाजले, दहा वाजले. चार जणी आल्या. "येऊन राह्यली मांगून," रेखाकाकू म्हणाली, पण तिनेही मान वळवून मागे पाहिलं. सव्वादहाला आई आली. चपलेचा अंगठा तुटला म्हणून अनवाणी, हळूहळू. मी तिला काही बोलले नाही, कारण बोलले असते तर भांडले असते.

दुपारी ती पुडे बांधायला बसली. एक पान तिने बाजूला भिरकावलं. मी उचललं, भोक होतं. "ही पण सत्ती का?" मी चिडवलं.

तिने वर पाहिलं नाही. "ते सत्तीवरचं पान मले तवाच वळखू आलं होतं."

"कोणतं?"

"मधातलं. तीन भोकं, आन कोन जळल्यावानी. शांताच्या दिवसाचं होय ते. त्या मुठीतलं." तिचे हात चालूच होते. "बाया म्हणत, छापणाऱ्यानं खराब केलं. मी म्हटलं, हाव, खराब आहे, काढा सारे."

"काऊन?"

"लोकाईचे लेकरं खेळतात त्या पत्त्यानं. आपलं भेव त्याईच्या घरी कायले धाडाचं?"

'आपलं' म्हणाली ती. त्या मुठीचं एकेक बोट मी सोडवलं होतं आणि तरी दोन वर्षं म्हणत होते की हिला भीती वाटत नाही.

"मंग पाकिटं कायले भरली माया संग? बोलाचं नाई का?"

"तुयं नाव खराब होऊन राह्यलं होतं ना," ती म्हणाली आणि पुड्याला गाठ मारली.

आज मी तिच्यासोबत जंगलात गेले. शांताकाकूनंतर पहिल्यांदा. घड्याळ घरीच राहिलं. पानं तोडण्यात मी अगदीच अडाणी, दोन झुडपं होईस्तोवर माझी कंबर धरली आणि वाकल्यावर समोर पानांशिवाय काही दिसेना. पाच पावलांवरून आईची हाक आली, "वंदनाऽ!"

हातातलं पान मी सोडून दिलं. "हाव, इथीच आहो!"

एक पान तोडून होईल एवढाच वेळ गेला असेल. तिने परत हाक मारली.